धाकटीचा दिवा, माझं ऊन

धाकटीच्या वाट्याला दिवा आला आणि माझ्या वाट्याला ऊन.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. पनवेलला वडाळे तळ्याजवळच्या एका दुमजली घरात मुंबईहून त्वचारोगाच्या एक डॉक्टरीणबाई आठवड्यातून दोनदा येत. खाली दवाखाना, वर मोकळी गच्ची. आम्ही दोघी बहिणी तिथे जायचो, कारण दोघींना कोड होतं. त्या दिवशी बाईंनी टेबलावर बंद पाकिटं मांडली होती.

"एकेक उचला," त्या म्हणाल्या. "आत काय आहे ते मलाही माहीत नाही."

मी मोठी म्हणून आधी उचललं. आतल्या कागदावर एकच शब्द होता, 'सूर्य'. धाकटीच्या कागदावर 'दिवा'. ती आनंदाने टाळी वाजवणार होती, पण माझा चेहरा बघून तिने हात खाली घेतले. तिचं ते हात खाली घेणंही मला आवडलं नाही.

बाईंनी आम्हाला सगळं नीट समजावलं होतं. कोडावर गोळी आणि प्रकाश असा जोडीने उपचार करतात. गोळीने कातडी प्रकाशाला हळवी होते. मग तिच्यावर डोळ्यांना न दिसणारा, जांभळ्या रंगाच्याही पलीकडचा प्रकाश पडला, की रंग तयार करणाऱ्या पेशी पुन्हा कामाला लागतात. परदेशात त्यासाठी दिव्यांची मोठी पेटी वापरतात. तशी एक पेटी बाईंनी खटपटी करून पनवेलला आणली होती. पण अशा पेट्या गावोगाव कुठून पोचणार? आपल्याकडे ऊन रग्गड. ते दिव्याइतकं कामाला येतं का, एवढंच त्यांना पाहायचं होतं. ज्याला जे हवं ते दिलं तर तुलना खरी होणार नाही, म्हणून ती पाकिटं.

मला हे सगळं कळलं होतं. कळूनही वाटलं, माझंच पाकीट असं का निघालं?

खरं तर कोड आधी मला झालं. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना बोटांची टोकं पांढरी व्हायला लागली, मग उजव्या कानाखाली मानेवर एक डाग उमटला. आई मला एका वैद्याकडे घेऊन गेली. त्याने बावचीच्या बियांचा लेप दिला. लेप लावून मी अंगणात बसले, तर दुसऱ्या दिवशी मानेवर हे मोठाले फोड. घरात नवा नियम आला, मासे खाल्ले की त्या दिवशी दूध नाही. आमच्याकडे मासे रोजचे, म्हणजे माझा चहासुद्धा बंद. बाकीचे पीत. बाबांचं भाड्याच्या सायकलींचं दुकान होतं, ते एकदा पंक्चर काढता काढता म्हणाले, "होईल गं बरं." त्यापलीकडे कुणी काही बोललं नाही. माझे डाग घरात असे सामावून गेले, जसा एखाद्या खुर्चीचा मोडका पाय सगळ्यांच्या सवयीचा होतो.

तीनेक वर्षांनी धाकटीच्या कपाळावर, केसांच्या रेषेखाली, एक पांढरा ठिपका आला. तो वाढून रुपयाएवढा झाला, तेव्हा घरात सुतक पडल्यासारखं झालं. आई जेवेना. बाबांनी दुकान बंद ठेवलं. सुकापूरची मावशी आली, धाकटीला कुशीत घेऊन रडली. मी स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होते, पांढऱ्या बोटांनीच. मावशी पाणी प्यायला आत आली, माझ्या हातांकडे बघून म्हणाली, "तुझं काय गं, तुझं लपतं तरी. तिचं ऐन कपाळावर!"

माझं कुठे लपत होतं? मी टायपिंगच्या क्लासमध्ये शिकवायचे. दिवसभर माझी बोटं की-बोर्डवर, आणि पोरापोरींचे डोळे माझ्या बोटांवर.

तर मुंबईच्या डॉक्टरीणबाईंची बातमी आईने आणली ती धाकटीसाठी. "तूही चल, आम्ही जातोच आहोत तर," असं माझं जाणं. बावचीचा प्रकार ऐकून बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "ह्या गोळीतलं औषध बावचीतही असतं. पण लेपात ते किती जातं त्याचा अंदाज नसतो, म्हणून भाजतं." मासे आणि दुधाचं मात्र त्यांनी साफ उडवून लावलं. घरी येऊन मी आईसमोर पहिल्यांदा पापलेटावर चहा प्यायले. कोडाने मला दिलेलं तेवढंच सुख.

उपचार सुरू झाले. सकाळी नाश्ता करून गोळी घ्यायची, दोनेक तासांनी दवाखान्यात पोचायचं. गोळीने मळमळायचं. घेतल्यापासून दिवस मावळेपर्यंत काळा गॉगल लावायचा, नाहीतर डोळ्यांना धोका. धाकटी गॉगल लावून बाजारातून चालली की सायकलवरची पोरं वळून बघायची. मी गॉगल लावून क्लासात शिरले की पोरं कुजबुजायची, "बाईंचे डोळे आलेत वाटतं."

दिव्याची पेटी म्हणजे माणूस उभा राहील एवढं कपाट होतं. आतून चहूबाजूंनी उभ्या नळ्या. धाकटी आत शिरायची, बाई स्वतः तिचे कपडे सारखे करायच्या, डोळ्यांवर खास चष्मा चढवायच्या, दार लोटायच्या. फटीतून जांभळा उजेड यायचा आणि मंद गुणगुण ऐकू यायची. बाई दाराशी उभ्या राहून तिच्याशी बोलत राहायच्या. "घाबरत नाहीस ना? गरम होतंय?" आतून धाकटीचं हसणं.

माझ्यासाठी जिना. गच्चीवर बायकांच्या बाजूला तरटाचा आडोसा, एक चटई आणि डोक्यावर पनवेलचा सूर्य. मदतनीस बाई घड्याळ लावून खाली निघून जायची. पहिल्या दिवशी डॉक्टरीणबाई एक छोटं यंत्र घेऊन वर आल्या होत्या, उन्हातला तो न दिसणारा प्रकाश मोजायचं. काटा सर्रकन पुढे गेला तेव्हा त्या खुशीत म्हणाल्या, "बघा, तुमचा दिवा किती जोरात आहे!" मी म्हटलं, "हा दिवा बंद नाही करता येत, बाई." त्या हसल्या, आणि खाली माझ्या बहिणीकडे गेल्या.

गच्चीवर मला सोबत होती उरणकडची एक बाई. तिच्या नवऱ्याचं मिठागरात काम. तिच्या दोन्ही गालांवर डाग होते. तिने एकदा डॉक्टरीणबाईंना सरळच विचारलं, "बाय, आमी तं दिसभर मिठावर उन्हातच असतो. मंग माजा डाग का नाय गेला?"

"गोळीशिवाय नुसत्या उन्हाने डाग भरत नाही. आधी जमीन भिजवायची, मग पेरायचं, तसं."

तिने मान हलवली. डॉक्टरीणबाई खाली गेल्यावर मला म्हणाली, "तुजी भन खाली पेटीन हाय ना? तुला राग येतो."

"नाही तर."

"येतो. माजी जाव पण पेटीन असती तं मला पण आला असता."

तिचं हे बोलणं ऐकून मला किती बरं वाटलं, ते सांगता येत नाही. त्या दवाखान्यात माझ्या मनातलं कुणीतरी पहिल्यांदाच ओळखलं होतं.

दोनेक महिन्यांनी धाकटीच्या कपाळावर पहिले ठिपके उमटले. पांढऱ्या डागाच्या आत, केसांच्या मुळांशी, खसखशीएवढे तपकिरी ठिपके. ती दवाखान्यातून घरापर्यंत पळत आली. आईने आरसा आणला, खिडकीशी धरला, मग देवापुढे साखर ठेवली. बाबांनी दुकानातल्या पोरालासुद्धा साखर दिली. मीही खाल्ली. माझ्या बोटांना तेवढ्या काळात एकच झालं होतं. आजूबाजूची कातडी उन्हाने काळवंडली होती आणि त्यामुळे पांढरी टोकं आणखी पांढरी दिसत होती. क्लासातल्या एका मुलीने भाबडेपणाने विचारलं, "बाई, वाढलं का हो?"

त्यानंतर मी रोज सकाळी धाकटी उठायच्या आधी तिच्या उशाशी उभी राहायचे. ठिपके वाढलेत का बघायला. वाढलेले असायचे. एकमेकांत मिसळायला लागले होते. दिवस चांगला गेला की मी मनात म्हणायचे, असू दे, आपलीच बहीण आहे. पण सकाळ झाली की पुन्हा तिचं कपाळ बघायला उभी. हिच्या कपाळावरचा रंग माझ्याच बोटांतून गेला असावा असं काहीतरी वाटायचं. एकदा मुंबईहून दोन डॉक्टर पेटी बघायला आले. धाकटीच्या कपाळाचे फोटो काढले, तिला प्रश्न विचारले. गच्चीवर कुणी आलं नाही. त्या दिवशी मिठागरवाली बाईही नव्हती. मी एकटी चटईवर दोन्ही हात पसरून बसले होते, भीक मागितल्यासारखी.

खाली उतरून मी डॉक्टरीणबाईंना गाठलं.

"मला दिव्यात घ्या."

"असं मध्येच नाही बदलता येत."

"का? तिला फरक पडतोय, मला नाही. मग अजून काय बघायचं राहिलंय?"

"तुला काय वाटतं, ती पेटीमुळे बरी होतेय?"

"नाहीतर कशामुळे?"

"तेच तर मला अजून माहीत नाही," बाई शांतपणे म्हणाल्या. "तू बदललीस तर कधीच कळणार नाही. तुला ना मला. हवं असेल तर तू सोडून देऊ शकतेस, त्याला माझी काही हरकत नाही. काम संपल्यावर जे लागू पडेल ते मी सगळ्यांना देणार आहे. पण आत्ता नाही."

मी सोडलं नाही. सोडलं असतं तर धाकटी एकटी जात राहिली असती.

हे सगळं धाकटीने दाराआडून ऐकलं होतं. पुढच्या वेळी ती माझ्यासमोरच बाईंना म्हणाली, "माझी पेटी ताईला द्या. मी वर बसेन." बाईंनी अर्थातच नाही म्हटलं. पण घरी येताना रस्ताभर मी तिच्याशी बोलले नाही.

"ताई, आता काय झालं? मी तुझ्यासाठीच म्हटलं ना?"

"तुला कुणी सांगितलं होतं?"

"मला वाईट वाटतं तुझं."

"नको वाटून घेऊस."

द्यायला तिच्याकडे काहीतरी होतं, आणि माझ्याकडे फक्त घ्यायला हात होते. याचा राग मला त्या पेटीपेक्षाही जास्त आला.

पावसाळ्यात माझा उपचार जवळजवळ थांबला. बाईंच्या यंत्राचा काटा ढगांखाली जेमतेम हलायचा. दवाखान्यात जाऊन बसायचं, आभाळाकडे बघायचं, परत यायचं. खाली पेटी चालूच. एकदा मात्र भर उपचारात वीज गेली. पेटी गप्प झाली, आतून धाकटीची हाक आली, "बाई, अंधार!" मी बाकावर बसले होते. मला हसू आलं आणि ते मी दाबलं नाही. शेजारी मिठागरवाली होती, तिने माझ्याकडे बघितलं आणि तीही हसली. वीज त्या दिवशी परत आली नाही. घरी जाताना मी धाकटीला वाटेत भजी खाऊ घातली. तिला वाटलं, माझा राग गेला.

दिवाळीच्या सुमारास ती माझी वेणी घालत होती. अचानक थांबली. "ताई, तुझ्या मानेवर बघ."

"मला माझी मान कशी दिसणार?"

"कानाखालचा डाग भरलाय. खरंच. आई, बघ गं!"

आई कढईपाशी होती, तिथूनच म्हणाली, "हो का? छान." मला वाटलं, धाकटी माझी समजूत घालतेय. मी वेणी तिच्या हातातून ओढून घेतली आणि स्वतःच घातली.

उन्हाळ्याच्या तोंडी बाईंनी एकेकाला बोलावून शेवटची तपासणी केली. त्या दर वेळी डागावर पारदर्शक कागद ठेवून पेनाने त्याची कडा काढून घेत. ते कागद त्यांनी माझ्यासमोर एकावर एक ठेवून उजेडात धरले. मानेचा डाग प्रत्येक कागदावर लहान होत गेला होता. शेवटच्या कागदावर काहीच नव्हतं. बोटांचे कागद मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखेच.

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे उन्हाने तुझं काम केलं. जिथे होण्यासारखं होतं तिथे केलं. रंग परत येतो तो बहुतेक केसांच्या मुळांतून. मानेवर बारीक लव आहे, कपाळावर आहे. बोटांच्या टोकांना केस नसतात. तिथे पेशी यायच्या कुठून?"

"पेटीत असते तर?"

बाईंनी धाकटीकडे बघितलं. धाकटीने चप्पल काढली आणि पाय पुढे केला. तिच्या पायाच्या बोटांची टोकं पांढरी होती. मला माहीतच नव्हतं. ती वर्षभर पेटीत उभी राहिली होती, अनवाणी, आणि तिच्या पायांना कणभर रंग आला नव्हता.

"कधीपासून आहे हे?"

"पहिल्यापासून," ती म्हणाली. "आईला सांगितलं नाही. ती आणखी रडली असती."

आम्ही दोघी एका मापाने मोजल्या गेलो होतो आणि जवळजवळ बरोबरीत सुटलो होतो. बाकीच्यांचं काय झालं ते सगळे कागद जुळवल्यावर सांगेन, असं बाई म्हणाल्या. मिठागरवालीचे गाल मात्र मी डोळ्यांनी पाहिले. एक भरला होता, दुसरा निम्मा.

कुणाला वाटेल की त्या दिवशी माझा मत्सर संपला. नाही संपला. तो पेटीवर होता तोवर निदान सोपा होता. पेटीचा काही संबंध नाही हे कळल्यावर तो थेट धाकटीच्या कपाळावर येऊन बसला. तिला कपाळ मिळालं होतं आणि मला बोटं. यात कुठलं पाकीट नव्हतं आणि कुणाकडे भांडायला जायची सोय नव्हती. दीड वर्षात तिचं लग्न ठरलं, तिनेच ठरवलं, नेऱ्याकडच्या एका शाळामास्तराशी. तिने त्याला आधीच पाय दाखवले होते. तो म्हणाला होता, "बरं मग?" हे 'बरं मग' ती मला इतक्यांदा सांगायची की मला ते पाठ झालं. मला तोवर तसं कुणी म्हटलं नव्हतं. पुढेही म्हटलं नाही, पण पुढे मी त्याची वाट बघायचं सोडून दिलं. मी स्वतःचा क्लास काढला.

बाईंचं पनवेलला येणं थांबलं. धाकटीला दुसरं मूल झालं आणि त्यानंतर तिचं कपाळ पुन्हा पांढरं पडलं. या वेळी डाग भुवईपर्यंत उतरला, गळ्यावरही आला. ती दोन्ही मुलांना घेऊन माझ्याकडे आली आणि माझ्या टायपिंगच्या स्टुलावर बसून रडली. मी तिला पाणी दिलं. मनात आधी काय आलं ते मी ओळखलं. ते दुःख नव्हतं. दुःख थोड्या वेळाने आलं, पण आलं.

आम्ही मिळून मुंबईला बाईंच्या मोठ्या इस्पितळात गेलो. त्यांचे केस पिकले होते. त्यांनी धाकटीला तपासलं आणि पुन्हा गोळ्या व प्रकाश सुरू करू म्हणाल्या. मग सहज माझे हात हातात घेतले.

"ही बोटं किती वर्षं अशीच आहेत?"

"तेव्हापासून. वाढली नाहीत, कमीही नाहीत."

"मग एक करून बघता येईल. मांडीच्या चांगल्या कातडीचे अगदी बारीक तुकडे काढून ह्या बोटांवर बसवायचे. पेशी येणारच नसतील तर आपणच नेऊन ठेवायच्या. डाग खूप दिवस शांत असेल तरच हे करतात."

"माझ्या पायांना?" धाकटीने विचारलं.

"तुझे डाग सध्या वाढताहेत. आत्ता केलं तर उलट जिथून तुकडा काढू तिथेही नवा डाग पडेल. तुला थांबावं लागेल."

मी धाकटीकडे बघितलं. तिचे ओठ घट्ट मिटलेले, नजर माझ्या हातांवर. हा चेहरा मी चांगला ओळखत होते, तो माझाच होता; फक्त तिच्यावर कधी पाहिला नव्हता.

पहिल्या खेपेला बाईंनी माझी डाव्या हाताची चार बोटं केली. बधिर केलं होतं, तरी मांडी नंतर ठणकत होती. हाताला भलंमोठं बँडेज. धाकटी सोबत आली होती. परतीच्या एसटीत तिने मला खिडकीची जागा दिली आणि पदराने माझा हात झाकला.

कळंबोली आल्यावर म्हणाली, "दुखलं का?"

"नाही."

"अजिबात नाही?"

"अजिबात नाही."

"थोडं तरी दुखायला हवं होतं तुला," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली.

मी हसायला लागले. ती आधी चिडली, मग तिलाही हसू आवरेना. पुढच्या सीटवरचा माणूस मागे वळून आम्हा दोघींकडे बघत राहिला. पनवेल येईपर्यंत मी तिला सांगितलं की मांडी आगीसारखी पेटली आहे. तेव्हा कुठे तिला बरं वाटलं.

दोन बोटांवर रंग धरला, ठिपक्याठिपक्यांचा, खडबडीत. बाकीच्या दोन बोटांवरचे तुकडे सुकून गळून पडले. उजव्या हाताचं मी नंतर केलंच नाही. धाकटीचं कपाळ भरायला दोन वर्षं लागली, पण भरलं.